उभ्या गाडीत बॅटरी उतरते? जुन्या डिझेल गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुमो, बोलेरो, क्वालिस, जुनी जीप, पिकअप. ज्या डिझेल गाड्यांच्या इंजिनाला चालायला कॉम्प्युटर लागत नाही आणि ज्यांची वायरिंग आजवर चार वायरमननी चार पद्धतींनी उघडली आहे, अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. २४ व्होल्टवाल्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. बॅटरी बदलून टाकू का?

एवढ्यात नको. सकाळी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो, यामागे चार वेगवेगळी दुखणी असू शकतात. बॅटरीच चार्ज धरत नाही. डायनामो तिला पुरेसा चार्ज देत नाही. गाडी बंद असतानाही काहीतरी करंट खातंय. किंवा बॅटरी भरलेली आहे, पण टर्मिनल नाहीतर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची गाडीच्या बॉडीशी जोडणी) खराब असल्याने करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. पहिलं सोडून बाकी तिन्हींत नवी बॅटरी म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नवी असते म्हणून ती थोडे दिवस तग धरते, मालक खूश होतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

छडा लावायला बिनखर्चाची एक परीक्षा आहे. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. दोन-तीन तास तशीच ठेवा आणि व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. पहिल्या रात्री निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, सकाळी मोजा. दुसऱ्या रात्री, पुन्हा भरून, टर्मिनल लावून ठेवा आणि सकाळी मोजा. टर्मिनल काढलेलं असतानाही १२.६ चे १२.२ झाले तर बॅटरीच गेलेली. काढलेलं असताना १२.६ टिकले आणि लावल्यावर उतरले, तर गाडी करंट खातेय. दोन्ही रात्री टिकले आणि तरीही सेल्फ रडतोय, तर केबल, टर्मिनल, अर्थ आणि खुद्द सेल्फ बघा.

पेट्रोल गाडीला हा त्रास इतका होत नाही. डिझेललाच का?

डिझेल पेटतं ते दाबून तापवलेल्या हवेने. त्यामुळे या इंजिनांचं कॉम्प्रेशन १७ ते २२ पट असतं, पेट्रोलच्या जवळपास दुप्पट. एवढं इंजिन फिरवायला सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. शिवाय ते जोरात फिरलं पाहिजे. हळू फिरलं तर हवा तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. म्हणून अर्धी उतरलेली बॅटरी पेट्रोल गाडी चालू करून देते, डिझेल नाही. निफाडकडच्या थंडीच्या सकाळी तर आणखी अवघड: गारठ्यात बॅटरीचा जोर कमी पडतो आणि घट्ट झालेलं ऑइल इंजिन अडवून धरतं.

मीटरवर किती व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी भरलेली समजायची?

गाडी काही तास उभी असताना: १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या आसपास गेली की उतरलीच. गाडी नुकतीच बंद करून मोजलंत तर १३ च्या आसपासचा खोटा आकडा दिसेल. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, मग मोजा.

सेल्फ मारताना आकडा कुठवर खाली येतो तेही बघा. चांगल्या बॅटरीत तो ९.६ च्या खाली जात नाही. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) अजूनही सगळ्यात खरं बोलतो. भरलेल्या बॅटरीत साधारण १.२४० ते १.२८० रीडिंग येतं. पाच सेलमध्ये सारखं आणि सहाव्यात ०.०५० ने कमी असेल तर तो सेल मेलेला. मग ड्रेन, म्हणजे बंद गाडीतली करंटची गळती, शोधत बसू नका.

डायनामो चार्ज करतोय का, हे बघायला वायरमन चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढतो. बरोबर आहे का?

चूक आहे, आणि त्याला तिथल्या तिथे थांबवा. ही रीत खऱ्या डायनामोच्या काळातली. आपण आजही ‘डायनामो’ म्हणतो ते यंत्र म्हणजे अल्टरनेटर. त्याचा भार एकदम तुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि त्याचेच डायोड (एसीचा डीसी करणारे भाग), कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) किंवा म्युझिक सिस्टिम घेऊन जातं. म्हणजे तपासणी करायला आलेला माणूस नवाच बिघाड देऊन जातो.

त्याऐवजी इंजिन चालू ठेवून थोडी रेस द्या आणि बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ दिसले की ठीक. हेडलाइट, ब्लोअर लावूनही १३.५ च्या वर राहिले पाहिजेत. १२.६ वरच अडकले तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेले तर कटआउट गेलाय आणि बॅटरीचं पाणी उकळतंय. आता त्याच मीटरचा नॉब एसी व्होल्टवर फिरवून पुन्हा बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर एखादा डायोड गेल्याचा संशय घ्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

बंद गाडीने किती करंट खाल्ला तर चालेल?

यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत बंद असताना जागं असं फार काही नसतंच. घड्याळ, म्युझिक सिस्टिमची मेमरी, सेंट्रल लॉक. सगळं मिळून १० ते ३० मिलिअँपिअर. ५० पर्यंत काळजी नाही. १०० च्या वर काहीतरी चुकतंय.

हिशोब सोपा आहे. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच (अँपिअर-तास). बॅटरी ७० एएचची धरली तर डिझेलला सेल्फ मारण्यासाठी निम्मी तरी शिल्लक लागते, म्हणजे खर्चायला फक्त ३५. त्या वेगाने गाडी महिनाभर उभी राहू शकते. पाव अँपिअर खात असेल तर दिवसाला ६ एएच, सहाव्या दिवशी गाडी बसली. एक अँपिअर असेल तर दीड दिवस. केबिनमधला ५ वॅटचा छोटा बल्ब ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० एएच. बॅटरी तीन वर्षांची असेल तर मुळात ७० राहिलेलीच नसते, तेव्हा हे सगळे दिवस आणखी कमी करून वाचा.

यातून उलटाही अंदाज बांधता येतो. गाडी आठवड्याने बसत असेल तर चोर छोटा आहे: मेमरी, ट्रॅकर, कुठला तरी दिवा. रातोरात बसत असेल तर तीन-चार अँपिअरचा आहे, आणि असे मोठे चोर गाडीत मोजकेच असतात.

करंट मोजायचा कसा? माझ्याकडे साधा पिवळा मल्टीमीटर आहे.

चालेल, पण त्याआधी एक ५ वॅटचा बल्ब आणि दोन वायर घ्या. निगेटिव्ह केबल काढा आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि सुटी केबल यांच्या मधे तो बल्ब जोडा. बल्ब लख्ख पेटला तर मोठी गळती आहे, मीटर अजून लावू नका. अगदी मंद लाल दिसला तर साधारण १०० मिलिअँपिअरच्या वरचं काहीतरी आहे. पेटलाच नाही तर मीटरला धोका नाही. इथे हेडलाइटचा किंवा ब्रेकलाइटचा मोठा बल्ब घेऊ नका, त्याला छोटी गळती दिसणारच नाही.

आता मीटर. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, नॉब १० अँपिअरवर. पिवळ्या मीटरवर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत ‘अनफ्यूज्ड’ छापलेलं असतं, म्हणजे चुकून जास्त करंट गेला तर वाचवायला आत फ्यूज नाही. त्यातही तो दहा सेकंदांपेक्षा जास्त लावू नका असं लिहिलेलं असतं. लहान करंटला थोडा वेळ राहिला तर काही होत नाही, पण मीटर मधे असताना चावी फिरवायची नाही, दार उघडायचं नाही आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. सेल्फच्या दोनशे अँपिअरमध्ये मीटर जागीच जळतो. चावी खिशात घालूनच काम करा.

केबल काढताना नेहमी निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हच्या नटवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर पाना लालभडक होतो. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो, म्हणून विडी-सिगारेट लांब ठेवा आणि नुकती चार्ज झालेली बॅटरी थोडी निवू द्या.

मोजण्याआधी ड्रायव्हरच्या दाराची काच खाली करा. दाराच्या चौकटीतलं बटण दाबून टेपने चिकटवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. सेंट्रल लॉक किंवा अलार्म नंतर बसवलेला असेल तर केबल लावताच तो जागा होतो आणि पहिली काही मिनिटं आकडा मोठा दिसतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा. पहिल्या दहा सेकंदांतल्या आकड्यावर निदान करणारे पुष्कळ भेटतात, आणि ते बहुधा निर्दोष अलार्म काढून टाकतात. थांबायच्या वेळात मीटरला समांतर एक जाड वायर जोडून ठेवा, म्हणजे मीटरवर भार नाही आणि गाडीचा करंटही तुटत नाही. मग वायर काढली की करंट मीटरमधून जातो.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर केबल काढायची गरजच नाही. मात्र एसीवाल्या घरगुती क्लॅम्प मीटरचा इथे उपयोग नाही, आणि स्वस्त डीसी क्लॅम्प मीटर २०-३० मिलिअँपिअर नीट दाखवत नाहीत.

आकडा आला ०.६. पुढे काय?

मीटर तसाच ठेवून एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा बघायचा. पडला की त्या फ्यूजवर काय काय आहे ते शोधायचं. काढलेला फ्यूज त्याच जागी परत जाईल याची काळजी घ्या. जुन्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावरची अक्षरं केव्हाच पुसलेली असतात, म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फ्यूज न काढताही हे करता येतं. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून पात्याच्या फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर प्रोब टेकवा. करंट जात असेल तर काहीतरी आकडा येतो. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण ७-८ मिलिओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसला तर त्यातून १३० मिलिअँपिअरच्या आसपास जातोय. ०.० आला की पुढच्या फ्यूजवर. ज्या गाडीत फ्यूज काढल्याने अलार्म पुन्हा जागा होतो, तिथे हीच पद्धत वापरा.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही. आता?

जुन्या डिझेल गाडीत बऱ्याच केसेस इथेच येऊन थांबतात, आणि घाई इथेच नडते. फ्यूज बॉक्स रिकामा, तरी करंट चालू, म्हणजे चोर फ्यूज बॉक्सच्या अलीकडे बसलाय. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावरून थेट, बिनफ्यूजच्या किंवा नुसत्या फ्यूज लिंकच्या जाड वायरी कुठे कुठे जातात ते डोळ्यांनी बघा. सेल्फ. डायनामो. हीटर प्लगचा रिले (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगना करंट सोडणारा स्विच). आणि कोणीतरी नंतर बसवलेल्या वस्तू.

पहिला संशय डायनामोवर घ्या. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत तो डायनामोच्याच पाठीला बसवलेला असतो. त्याला इंजिन ऑइल जातं. त्याचं सील गेलं की ऑइल डायनामोत झिरपतं, कार्बन ब्रशच्या भुकटीत मिसळून काळा चिखल होतो आणि हळूहळू ब्रश, कटआउट, डायोड सगळ्यांची वाट लागते. डायनामोच्या बुडाला ओलसर काळं दिसलं तर समजून जा.

डायोड शॉर्ट झाला की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत शिरतो आणि रोटरचं फील्ड (आतला विजेचा चुंबक) रात्रभर चालू राहतं. तीन-चार अँपिअर, सकाळी बॅटरी खलास. याची खूण मीटरशिवायही मिळते. रात्रभर उभ्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडा आणि इंजिनला हात लावा, मग डायनामोला. इंजिन गार आणि डायनामो कोमट लागला तर चोर सापडला. दुसरी खूण: चावी बंद असताना एक छोटा पाना डायनामोच्या मागच्या बेअरिंगजवळ धरा. चुंबकाने ओढल्यासारखा जोरात चिकटला तर फील्ड चालू आहे. काही गाड्यांत चावी काढल्यावरही डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा अंधारात मंद दिसतो. तेही याचंच लक्षण.

खात्री करायला निगेटिव्ह केबल काढून डायनामोच्या मागची जाड वायर सोडवा, तिचं टोक टेपने गुंडाळा, मग मीटर परत लावा. ०.६ चे ०.०२ झाले तर आणखी काही शोधू नका. दुरुस्तीत नुसती डायोड प्लेट बदलून भागत नाही. व्हॅक्यूम पंपाचं सील तसंच ठेवलं तर नवी प्लेटही त्याच ऑइलमध्ये बुडणार. दोन्ही कामं एकदमच करून घ्या.

दुसरा संशय हीटर प्लगच्या रिलेवर, तुमच्या इंजिनाला हीटर प्लग असतील तर. हे चार प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर घेतात. रिलेचे पॉइंट चिकटून राहिले तर तास-दीड तासात बॅटरी संपते आणि प्लगही जळतात. हा चोर मीटरने शोधायचा नाही, मीटर जाईल. पाच वॅटचा बल्ब लख्ख पेटला होता ना, तो यासाठीच आधी जोडायला सांगितला. रिले आणि त्याची वायर हाताला गरम लागते. मीटर व्होल्टवर ठेवून चावी बंद असताना प्लगच्या पट्टीवर टेकवा. १२ व्होल्ट दिसले तर रिले अडकलाय.

तिसरा सेल्फ. याच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचवर) बॅटरीची जाड वायर कायम जिवंत असते. टर्मिनलभोवती ऑइल, चिखल आणि कार्बन साचून थोडा करंट झिरपतो. क्वचित ती केबल चासीला घासून तिचं आवरण गेलेलं असतं. हे आधी बघा, कारण तिथे करंट तर जातोच, वर गाडीला आगही लागू शकते.

म्युझिक सिस्टिम, जीपीएस, कॅमेरा यांचं काय?

कंपनीची वायरिंग निदान कुणीतरी विचार करून केलेली असते. नंतरची वायरिंग बहुतेक वेळा ‘जिथे करंट मिळाला तिथे जोडलं’ अशी असते. म्युझिक सिस्टिमला पिवळी वायर मेमरीसाठी कायमच्या करंटला आणि लाल वायर चावीनंतरच्या करंटला जोडायची असते. घाईत दोन्ही एकत्र पिळून एकाच ठिकाणी दिल्या की स्क्रीन काळी दिसते पण आतलं यंत्र झोपत नाही. ॲम्प्लिफायरची रिमोटची निळी वायर थेट बॅटरीला दिलेली असेल तर तोही रात्रभर जागा. मग हॉर्नचा रिले, एलईडीच्या पट्ट्या, लायटरमध्ये कायम खोचलेला चार्जर, पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम.

टुरिस्ट गाड्यांतला जीपीएस ट्रॅकर नीट चालत असेल तर थोडाच करंट घेतो. पण नेटवर्क नसलेल्या ठिकाणी उभी असेल तर तो सिग्नल शोधत राहतो आणि जास्त खातो. परवान्यासाठी बसवलेला ट्रॅकर काढून ठेवू नका. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी चार्जवर ठेवण्याची सोय करा.

टपरीवरून बसवलेली प्रत्येक वस्तू एकदा मुळापासून सोडवून बघायला लागते. त्याला शॉर्टकट नाही.

माझ्या जीपचं इंजिन दोरी ओढून बंद होतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि फार साधा. चावीने बंद होणाऱ्या गाडीत पंपावरचा सोलेनॉइड करंट गेला की डिझेल तोडतो, म्हणजे इंजिन बंद केलं तर चावी बंद असतेच. दोरीच्या गाडीत यांत्रिकपणे डिझेल तुटतं, चावीचं काही देणंघेणं नाही. इंजिन थांबलं की माणूस उतरतो आणि चावी ‘ऑन’वरच राहते. डॅशबोर्डवर ऑइल आणि चार्जिंगचे दिवे पेटलेले असतात, पण दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. गाडी दोघा-तिघांच्या हातात असेल तर तपासणी सुरू करण्याआधी हे विचारून घ्या.

झिजलेलं चावीचं स्विचही बघा. चावी बाहेर येते पण आतलं कॉन्टॅक्ट पुरतं सुटत नाही, असं जुन्या गाड्यांत होतं. चावी काढल्यावर ब्लोअर किंवा वायपर लावून बघा, चालला तर स्विच बदला.

मोजलं तेव्हा सगळं ठीक, तरी अधूनमधून बॅटरी उतरतेच. डोकं फिरायची वेळ आली.

अधूनमधून अडकणाऱ्या वस्तू शोधा. ब्रेक पेडलवरचं स्विच: पेडल पुरतं वर आलं नाही की मागचे दोन २१ वॅटचे दिवे मिळून साडेतीन अँपिअर खातात. रात्री गाडी लावल्यावर मागे जाऊन एकदा बघा. डिकीचा दिवा, दाराचं झिजलेलं बटण, उन्हात तापल्यावरच चिकटणारा रिले. गाडी गरम असताना आणि थंड असताना, दोन्ही वेळा मोजा. रिले हातात धरून बघा, चावी बंद असताना कोमट लागलेला रिले काम करतोय.

हेही विचारात घ्या की ड्रेन नसेलच. गाडी रोज दूधडेअरीपर्यंत तीन किलोमीटर जाते आणि परत येते, दोन्ही वेळा सेल्फ आणि पहाटेचे हेडलाइट. एवढ्या फेरीत डायनामो घेतलेलं परत करत नाही. बॅटरी दर दिवशी थोडी थोडी मागे पडते आणि एका थंड सकाळी हात टेकते. अशा गाडीला पंधरवड्याला एकदा चार्जर लावा, सगळ्या चाचण्या वाचतील.

पावसाळ्यात जास्त का होतं?

कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, पितळ हिरवं पडतं आणि दोन पिनांच्या मधून करंट वाट काढतो. कोकणात खारी हवा त्यात भर घालते. मागच्या दिव्यांचे आणि ट्रॉलीचे सॉकेट आधी उघडून बघा. शेडमध्ये उभ्या गाडीत उंदीरही असतात. डॅशबोर्डखाली लेंड्या दिसल्या तर वायरिंग हाताने चाचपत जा.

बॅटरीवर पांढरी-हिरवी बुरशी आणि ओलसर धूळ आहे. त्यानेही उतरते का?

उतरते, सावकाश. ॲसिडचा अंश असलेली ओली धूळ करंट वाहते. मीटरचा काळा प्रोब निगेटिव्ह खांबावर ठेवा आणि लाल प्रोब बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या माथ्यावरून फिरवा. नुसत्या प्लॅस्टिकवर व्होल्टेज दिसू लागलं तर धुवायची वेळ झाली. झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याचं पाणी ओता, फेस थांबेपर्यंत ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, पुसा. टर्मिनलला पेट्रोलियम जेली. आत सोड्याचा एक थेंबही जाऊ देऊ नका.

आमचा ट्रक २४ व्होल्टचा आहे. वेगळं काय?

दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. केबिनमधला टेप किंवा पंखा १२ व्होल्टचा म्हणून त्याची वायर एकाच बॅटरीवरून ओढलेली असते. ती बॅटरी रोज जास्त खर्च होते. चार्जिंगला मात्र दोघींमधून करंट सारखाच जातो, त्यामुळे एक कायम अर्धपोटी आणि दुसरीचं पाणी उकळतंय. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला की वायर शोधा आणि २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. बदलायच्या असतील तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या.

आज सकाळी गाडी अडलीय. धक्का देऊ का?

दोरीने बंद होणारं इंजिन पूर्ण मेलेल्या बॅटरीवरही धक्क्याने चालू होतं. सोलेनॉइडवालं नाही होत, सोलेनॉइड उघडण्याइतका तरी करंट बॅटरीत लागतो. दुसऱ्या गाडीवरून केबल लावत असाल तर पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला, आणि निगेटिव्हचा शेवटचा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या लोखंडावर लावा, ठिणगी बॅटरीपासून लांब पडते. गाडी चालू झाली की तशीच अर्धा तास उभी ठेवून बॅटरी भरेल, हा समज काढून टाका. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला चार्जरवर आठ-दहा तास लागतात, आणि तिला एकट्या डायनामोवर सोडलं तर तो तापतो.

कटऑफ स्विच बसवला तर सगळी कटकटच मिटेल ना?

महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीला जरूर बसवा, निगेटिव्ह केबलवर, सेल्फचा करंट पेलेल असा. हलका स्विच सेल्फ मारताना वितळतो. चालू इंजिनवर तो बंद करायचा नाही, कारण ते चालू इंजिनवर टर्मिनल काढण्यासारखंच आहे. पण रोज वापरातल्या गाडीत खराब डायनामोवर पांघरूण घालायला स्विच बसवला, तर डायोड आत जळत राहतो आणि एक दिवस प्रवासात चार्जिंग बंद पडतं.

आणि मोठ्या एएचची बॅटरी टाकली तर?

दोन दिवसांऐवजी तीन दिवसांनी उतरेल.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरली तर तिचं काय होतं?

प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि जागा व्यापतं. गाडीची बॅटरी थोडा वेळ मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते, पूर्ण रिकामी होण्यासाठी नाही. उतरलेली तशीच दोन-तीन आठवडे ठेवली तर चार्जरवरही ती पूर्वीसारखी भरत नाही. म्हणून ड्रेन सापडेपर्यंत रोज रात्री निगेटिव्ह काढून ठेवा, कंटाळा आला तरी.

हे सगळं मला जमणार नाही. वायरमनला काय सांगू?

‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगितलं तर तो बॅटरी दाखवेल. आकडे सांगा: रात्री किती, सकाळी किती, टर्मिनल काढून किती, चालू इंजिनवर किती. गाडी रातोरात बसते की आठवड्याने, ते सांगा. गेल्या वर्षभरात गाडीत काय काय नवं बसवलं, ते आठवून सांगा. गाडी त्याच्याकडे रात्रभर ठेवायची तयारी ठेवा, ड्रेन पाच मिनिटांत सापडत नाही. बॅटरीवर मिलिअँपिअर मोजून दाखवायला सांगा, कामाआधी आणि कामानंतर, दोन्ही आकडे बिलाच्या मागे लिहून घ्या.